रोजच्या प्रवासाला जुनी एमजीबी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला राहते आणि नोकरीसाठी विटनीला जाते. ए४१५ रस्त्याने जाऊन-येऊन साधारण सव्वीस मैल होतात. गेली सात वर्षं हा प्रवास मी १९७३ सालच्या एमजीबी जीटीने करते आहे. गणपतीच्या आरतीनंतर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, पेट्रोल भरताना, भारतातून पाहुणे आले की जेवणाच्या टेबलावर, सगळीकडे साधारण तेच प्रश्न येतात. इकडे राहणाऱ्या आणि अशी गाडी घ्यावी का या विचारात असलेल्या मराठी माणसासाठी त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

एमजीबी म्हणजे नेमकी कोणती गाडी?

एमजी म्हणजे मॉरिस गराजेस, ऑक्सफर्डचं मूळ दुकान. १९२९ मध्ये कंपनीने आपलं बस्तान ॲबिंग्डनला हलवलं आणि १९६२ ते १९८० या काळात तिथेच एमजीबी बनली. आधी कापडी टपाची, दोन सीटची रोडस्टर आली. १९६५ मध्ये पक्क्या छपराची आणि मागे उघडणाऱ्या दाराची जीटी आली. तिच्या छपराच्या रेषेत इटलीच्या पिनिनफरिनाचा हात आहे. इंजिन चार सिलिंडरचं, १७९८ सीसीचं, सुरुवातीच्या गाड्यांत ९५ अश्वशक्तीचं. पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. ऑक्टोबर १९८० मध्ये कारखाना बंद झाला. त्या जागेवरून मी दर शनिवारी भाजी आणायला जाते.

पाच लाखांचा हा आकडा लक्षात ठेवा. ही गाडी आजही रोज चालवता येते त्याचं निम्मं कारण त्यात आहे. इतक्या गाड्या बनल्या म्हणून इतक्या उरल्या, आणि इतक्या उरल्या म्हणून सुटे भाग अजून बनतात. वॉटर पंप, ब्रेक पॅड, दरवाजाचं रबर, काहीही आज मागवलं तर दोन दिवसांत घरी येतं. एवढंच काय, अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ मध्ये जुने साचे पुन्हा कामाला लावले आणि एमजीबीच्या नव्या बॉडी बनवायला सुरुवात केली. कितीतरी नवीन गाड्यांच्या मालकांना एका सेन्सरसाठी महिनाभर थांबताना मी पाहिलं आहे.

रोज चालवून गाडीची वाट नाही का लागणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याला खरोखर काळजी असते. म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुनी गाडी चालवल्याने झिजते हे खरं, पण उभी राहिल्याने त्याहून लवकर खराब होते. उभ्या गाडीत काय होतं बघा. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं आणि कॅलिपरचे पिस्टन गंजून अडकतात. हँडब्रेकची केबल जाम होते. पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतं. सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी आतून पत्रा खातं. सील कोरडी पडतात आणि गाडी हलवल्यावर गळू लागतात. बॅटरी तर बसतेच. माझी गाडी मी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने ती चार वर्षं कापडाखाली झाकून ठेवली होती, मीटरवर मैल फारच कमी होते आणि बाहेरून ती आरशासारखी चमकत होती. पहिल्या सहा महिन्यांत मी तिच्यावर जेवढा खर्च केला तेवढा पुढच्या तीन वर्षांत मिळून झाला नाही. एकदा रोजच्या वापरात आल्यावर ती सुधारत गेली.

मात्र "रोज" म्हणजे किती अंतर, हे महत्त्वाचं आहे. दोन मैलांवरच्या दुकानात जाऊन परत येणं हे या इंजिनाला सर्वांत वाईट. चोक ओढलेला, पेट्रोलचं प्रमाण जास्त, आणि ऑइल नीट तापायच्या आत इंजिन बंद. मग ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल मिसळत राहतं आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट मलई दिसायला लागते. बारा-तेरा मैलांचा सलग रस्ता मात्र तिला मानवतो. तुमचं ऑफिस दोन मैलांवर असेल तर सायकल घ्या, आणि एमजीबी शनिवार-रविवारी लांब न्या.

कोणत्या सालची घ्यावी?

माझं मत स्पष्ट आहे. रोजच्या वापराला १९६८ ते १९७४ मधली क्रोम बंपरची. १९६७ च्या शेवटी आलेल्या बदलांत डायनामो जाऊन जास्त वीज देणारा अल्टरनेटर आला, पॉझिटिव्ह अर्थिंग जाऊन निगेटिव्ह आलं, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलं जाऊ लागलं, आणि पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश, म्हणजे खरखर न होता गिअर पडायची सोय, मिळाला. दिवे, वायपर, हीटर सगळं एकदम लावून पावसाळी संध्याकाळी घरी यायचं असेल तर अल्टरनेटर हवाच.

१९७४ च्या उत्तरार्धात अमेरिकेच्या नियमांमुळे काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवली गेली, त्यामुळे वळणावर ती जास्त कलते. पण या गाड्या स्वस्त मिळतात, आणि सस्पेन्शन पुन्हा खाली बसवता येतं. पैसे मोजून-मापून वापरायचे असतील तर रबरी बंपरला नाक मुरडू नका.

एक गोष्ट मात्र सोडू नका : ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे कमी करणारी, गिअरबॉक्सला जोडलेली सोय. त्याबद्दल खाली मोटरवेच्या प्रश्नात.

विकत घेताना काय तपासावं?

पत्रा. इंजिन दुसऱ्या क्रमांकावर, आणि रंगाकडे बघूच नका.

एमजीबीला वेगळी चॅसी नाही. दारांखालून जाणाऱ्या पेटीसारख्या पोकळ पट्ट्या, ज्यांना सिल म्हणतात, त्याच गाडीचा कणा आहेत. त्या आतून सडतात आणि बाहेरून नवा पत्रा ठोकून रंग मारला की चांगल्या दिसतात. परीक्षा सोपी आहे. दार बंद असताना दाराच्या कडेची फट बघून ठेवा. मालकाची परवानगी घेऊन जॅक लावायच्या जागी त्या बाजूने गाडी उचला. फट आवळत गेली किंवा दार उघडताना अडकलं, तर आतला पत्रा गेलेला आहे. अशा गाडीला सिलचं काम काढलं की किंमत दुप्पट होऊन बसते.

त्यानंतर पुढच्या मडगार्डवर चाकाच्या मागच्या बाजूला हात फिरवा. तिथे आत माती आणि मीठ साठतं आणि वरून खाली रेघेत रंगाला फोड येतात. मग मागच्या सीटखालची फळी उचलून बॅटरीच्या पेट्या बघा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे खाली लटकत असतात आणि त्या पेट्यांचा तळ बहुतेक वेळा गेलेला असतो. मी सोबत छोटा टॉर्च आणि लोहचुंबक नेला होता. चुंबक जिथे चिकटला नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. अशा दोन गाड्या सोडून दिल्या आणि तिसरी घेतली.

सकाळी एका झटक्यात सुरू होते का?

होते, पण तिची एक पद्धत आहे. चावी पहिल्या खटक्यावर फिरवली की मागून, उजव्या चाकाजवळून, टक-टक-टक असा आवाज येतो. तो पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप. सुरुवातीला भराभर वाजतो, मग सावकाश होतो आणि थांबतो. थांबला याचा अर्थ दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या. तोवर मी सीटबेल्ट लावते. मग चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, आणि स्टार्टर मारायचा. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात इंजिन पकडतं. अर्ध्या मिनिटाने चोक निम्मा आत. वाटेतल्या मार्चम गावाच्या आसपास पोचेपर्यंत तो पूर्ण आत गेलेला असतो.

उभ्या गाडीला दहा मिनिटं रेस देत तापवत बसू नका. सुरू झाली की लगेच निघा आणि पहिले तीन-चार मैल सावकाश चालवा.

ती टक-टक ऐकायची सवय लावा. पेट्रोल असूनही पंप वाजला नाही, तर बहुतेक वेळा त्याचे पॉइंट चिकटलेले असतात. पान्याच्या दांड्याने पंपावर हलकेच ठोकलं की तो चालू होतो. तसं एकदा झालं की पंप बदलायची वेळ आली समजा. मी इलेक्ट्रॉनिक पॉइंटचा, पण तसाच आवाज करणारा पंप बसवला आहे.

हिवाळ्यात काय करता?

चालवते. थंडीचा तिला त्रास नाही, मिठाचा आहे. इथे बर्फ पडायच्या आधीच रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते ओलं होऊन गाडीच्या पोटाला चिकटतं. ऑक्टोबर महिन्यात मी एक शनिवार फक्त या कामाला देते. गाडी स्टँडवर घेऊन खालून धुते, दोन दिवस कोरडी होऊ देते, आणि मग सिलच्या छिद्रांतून लांब नळीने आत मेण फवारते. ते पातळ मेण फटीफटीत शिरतं आणि खालच्या पाणी निघायच्या भोकांतून थेंब-थेंब बाहेर येतं. थेंब आले म्हणजे आत सगळीकडे पोचलं. ती भोकं मात्र नंतर तारेने मोकळी करायची, नाहीतर आत पाणी साठून उलटच होईल. हिवाळाभर दर आठवड्याला होजपाइपने खालून पाणी मारायचं. बॉनेट चमकवण्यापेक्षा चाकांच्या कमानींच्या आत पाणी मारणं जास्त गरजेचं.

इंजिनातल्या पाण्याचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट हिवाळ्यात ८८ अंशांचा लावते, उन्हाळ्यात ८२ चा. हीटर चांगला चालतो, पण त्याची तोटी गंजून अडकते, म्हणून उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा ती फिरवायची.

वाटेत बंद पडली तर?

सात वर्षांत तीनदा टोचन करून आणावी लागली. त्यातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे, कारण जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तो येऊ शकतो.

नोव्हेंबरची संध्याकाळ, ए३४ वर जोराचा पाऊस. गाडीने आधी दोन-तीनदा मिसिंग मारलं आणि मग काही न सांगता बंद पडली. कडेला घेतली आणि कठड्यापलीकडे उभी राहून दीड तास भिजत होते. आदल्याच आठवड्यात एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग झालं होतं. तिथे चांगला चालणारा जुना रोटर आर्म (प्लगांना आळीपाळीने करंट वाटणारा फिरता भाग) काढून नवा, स्वस्तातला बसवला होता. त्याच्या आतल्या रिव्हेटमधून करंट खाली शाफ्टमध्ये उतरत होता, म्हणून प्लगपर्यंत पोचतच नव्हता. पाच-सहा पौंडांचा भाग. त्याच वेळी जुना भाग परत मागून घेतला असता तर पावसात पाच मिनिटांत बसवून निघाले असते.

तेव्हापासून दोन नियम पाळते. चालणारा भाग केवळ "जुना झाला" म्हणून बदलायचा नाही, आणि काढलेला चांगला भाग टाकायचा नाही. डिकीत एक कापडी पिशवी आहे. त्यात रोटर आर्म, कंडेन्सर, कॉइल, फॅनबेल्ट, रेडिएटरचा एक होज, फ्यूज, थोडी वायर, लांब पाना, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि परावर्तक जॅकेट. ब्रेकडाउन कव्हर मात्र घ्याच, आणि त्यात घरापर्यंत आणून सोडण्याची सोय आहे का ते वाचून घ्या.

देखभालीला किती वेळ जातो?

आठवड्याला वीस मिनिटं. रविवारी सकाळी ऑइलची काडी, कूलंट, ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड, टायरची हवा. महिन्यातून एकदा कार्ब्युरेटरच्या डोक्यावरची काळी झाकणं फिरवून आत थोडं ऑइल. ते कमी झालं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते आणि लोक उगाच ट्यूनिंगला पैसे घालवतात.

दर ३,००० मैलांना ऑइल बदली. २०डब्ल्यू-५०, जुन्या इंजिनांसाठी बनवलेलं, ज्यात झिंकचं प्रमाण चांगलं असतं. आजकालची पाण्यासारखी पातळ सिंथेटिक ऑइलं यात घालू नका. त्याच वेळी किंगपिनला, म्हणजे पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या दांड्यांना, ग्रीस, प्रत्येक बाजूला तीन निपल. हे काम जवळपास सगळी गॅरेज विसरतात, कारण आजच्या गाड्यांना ग्रीस निपल नसतात. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत ग्रीस गन मारायची. एवढं केलं की किंगपिन वर्षानुवर्षं टिकतात. नाही केलं तर स्टिअरिंग जड होत जातं आणि आपल्याला कळतही नाही, कारण ते रोज थोडं-थोडं होत असतं.

मला यातलं काही येत नाही. शिकता येईल का?

येईल. मलाही येत नव्हतं, आणि मी तर गॅरेजवाल्याची मुलगी. बाबांचं कोल्हापूरला उद्यमनगरात छोटं गॅरेज होतं, पण मुलीने हात काळे करावेत असं तेव्हा कुणाला वाटलं नाही, मलाही नाही.

बाबा पहिल्यांदा इकडे आले तेव्हा मी बॉनेट उघडून दाखवलं. ते वाकले, टॅपेट कव्हरवर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, हे तर अँबॅसडरचं इंजिन!" खरंच होतं. एमजीबीचं इंजिन बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं. अँबॅसडरला १९५९ पासून त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन होतं. अँबॅसडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतली ती गाडी इथून जवळच काउलीला बनायची. बाबांनी आयुष्यभर जी इंजिनं उघडली, त्यांचं गाव माझ्या दारात होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टॅपेट लावायला, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट मोजून नीट करायला, शिकवलं. थंड इंजिन, फिलर गेज पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. आठ व्हॉल्व्ह असतात, आणि हिशेब नऊचा. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला लावायचा. सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा, सहावा तेव्हा तिसरा. बेरीज कायम नऊ. इंजिन फिरवायला चौथ्या गिअरमध्ये टाकून बाबा गाडी हळूहळू पुढे ढकलत होते आणि मी "थांबा" म्हणत होते. "पट्टी कशी सरकायला हवी, तर तुपाच्या डब्यातून सुरी ओढल्यासारखी," असं ते म्हणाले. फार सैल नाही, अडकतही नाही. तो हाताचा अंदाज एकदा आला की जात नाही.

ज्यांचे बाबा मिस्त्री नाहीत त्यांच्यासाठी गावोगावी एमजीच्या मालकांचे क्लब आहेत. तिथली ज्येष्ठ माणसं, बरीचशी निवृत्त, स्वतः येऊन शिकवतात. मी कार्ब्युरेटर जुळवायला अशाच एका आजोबांकडून शिकले. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि दोन्हीकडचा फुसफुस आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा.

पेट्रोल कोणतं घालायचं?

ई५, म्हणजे ९७ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं सुपर. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली सील ते मऊ करून टाकतं, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे थेट आगीचा धोका. मी सुपरच भरते, शिवाय सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या बसवून घेतल्या आहेत. हे काम गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात करा.

शिशाचं पेट्रोल २००० साल उजाडताच इथे बंद झालं. शिशामुळे जुन्या व्हॉल्व्ह सीट झिजायच्या वाचत. बहुतेक गाड्यांच्या हेडमध्ये आतापर्यंत कडक व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या असतात, तरी घेताना विचारा.

ॲव्हरेज काय देते?

गॅलनला सव्वीस-सत्तावीस मैल, म्हणजे लिटरला साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. माझा रोजचा प्रवास जवळजवळ एका गॅलनमध्ये, साडेचार लिटरमध्ये होतो.

रोड टॅक्स, इन्शुरन्स?

चाळीस वर्षं ओलांडलेली गाडी ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदवली की रोड टॅक्स शून्य. पण शून्य पौंडांचा टॅक्सही दरवर्षी रीतसर "भरावा" लागतो, आणि नोंद आपोआप बदलत नाही, अर्ज करावा लागतो.

इन्शुरन्सच्या बाबतीत सावध राहा. जुन्या गाड्यांच्या पॉलिसी स्वस्त असतात त्या अटींमुळे : वर्षाला ठरावीक मैल, घरी दुसरी गाडी हवी, आणि ऑफिसला जाणं-येणं बहुधा धरलेलं नसतं. रोज कामाला नेणार असाल तर ते स्पष्ट सांगून पॉलिसीत लिहून घ्या. गाडीची किंमतही आधी ठरवून घ्या. फोटो आणि बिलं दिली की कंपनी रक्कम मान्य करून लिहून देते. नाहीतर अपघातानंतर पन्नास वर्षांच्या गाडीची किंमत कोण काय लावेल सांगता येत नाही.

एमओटी करावी लागते का?

कायद्याने नाही. आपल्याकडच्या पासिंगसारखी ही वार्षिक तपासणी, मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना माफ आहे. मी तरीही दरवर्षी करते आणि तुम्हीही करा. दुसऱ्या माणसाने, गाडी वर उचलून, आपण पाहू शकत नाही तिथे टॉर्च मारून बघणं याला पर्याय नाही. तीन वर्षांपूर्वी मागच्या ब्रेक पाइपवरचा गंज अशाच तपासणीत सापडला. रोज चालवताना मला त्याचा काहीच सुगावा लागला नव्हता.

लंडनला नेता येते का?

ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद असेल तर युलेझचं, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचं, शुल्क लागत नाही. मध्य लंडनच्या गर्दीच्या भागात शिरायचं कंजेशन चार्ज मात्र लागतं. गर्दीत रांगत चालताना इंजिन गरम होतं, म्हणून चांगला रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंखा असल्याशिवाय जाऊ नका.

मोटरवेवर त्रास होतो?

ओव्हरड्राइव्ह असेल तर नाही. चौथ्या गिअरमध्ये ७० मैलांच्या वेगाला इंजिन सुमारे ३,९०० फेरे घेतं आणि तासाभरात डोकं भणाणतं. ओव्हरड्राइव्हचं बटण दाबलं की तेच ३,२०० च्या आसपास येतं, आवाज खाली बसतो आणि पेट्रोलही वाचतं. १९७५ पर्यंत ही सोय जास्तीचे पैसे भरून घ्यावी लागायची, त्यामुळे प्रत्येक गाडीत नसते. विकणाऱ्याला विचारा, आणि चालवून बघताना ती खरंच लागते का ते तपासा.

सुरक्षित आहे का?

आजच्या गाडीइतकी नाही. हे मी कुणालाही गोड करून सांगणार नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत, चांगल्या स्थितीत ते जोरात थांबवतात, पण ओल्या रस्त्यावर चाक अडकलं तर ते सोडवायचं काम तुमच्या पायाचं. मोठ्या गाडीने धडक दिली तर तुमच्या आणि तिच्यामध्ये १९६२ साली बाजारात आलेल्या गाडीचा पत्रा आहे.

म्हणून मी पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवते. हेडलाइटला रिले आणि जास्त उजेडाचे दिवे लावले आहेत, मागच्या काचेत वर तिसरा ब्रेक लाइट आहे. टायर नक्षी शिल्लक असली तरी वयानुसार बदलते. अशा गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायर गुळगुळीत व्हायच्या आधी रबर कडक होतं. बाजूवर छापलेला आठवडा आणि साल वाचा.

मुलांना शाळेत सोडायला चालेल?

नाही. जीटीची मागची सीट पिशव्या ठेवायला चांगली आहे. मुलांच्या सीटसाठी तिथे धड जागा नाही आणि आधारही नाही. माझी भाची हट्ट करते तेव्हा तिला उभ्या गाडीत स्टिअरिंगवर बसवते, हॉर्न वाजवू देते, आणि शाळेत तिच्या आईच्या गाडीतून पाठवते.

भारतात परत जाताना सोबत नेता येईल का?

नेऊन तिथे रोज चालवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांची "व्हिंटेज" म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, आणि अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्याच कामांसाठी. बाबांना वाटतं की कोल्हापूरला न्यावी. मी त्यांना म्हटलं, वर्षातून दोनदा रॅलीत मिरवण्यापेक्षा ती रोज तेरा मैल जाऊन तेरा मैल परत येऊ दे.

घरात एकच गाडी ठेवायची असेल तर एमजीबी ठेवू का?

एकटे असाल किंवा दोघंच असाल, बस-ट्रेनची सोय असेल, आणि एखाद्या दिवशी गाडी नाही निघाली तर नोकरी जाणार नसेल, तर ठेवा. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, रात्री-अपरात्री दवाखाना गाठायची वेळ येऊ शकत असेल, तर दुसरी साधी गाडी आधी घ्या. आमच्याकडे नवऱ्याची छोटी हॅचबॅक आहे, आणि एमजीबी दोन दिवस कामाला काढली की मी बसने जाते. काम घाईत उरकायला लागू नये, म्हणून ही सोय लागते. रविवारी रात्री दहाला, सोमवारी ऑफिस आहे म्हणून बसवलेला ब्रेक हा धोकादायक असतो.

एकदा बसून बघता येईल का?

नक्की. इन्शुरन्स माझ्या नावावर आहे, त्यामुळे स्टिअरिंग देता येणार नाही, पण शेजारची सीट रिकामी असते. सकाळी सव्वासातला निघते. थंडीत या, जाड मोजे घालून. किंग्स्टन बॅगपुइझ ओलांडलं की रस्ता टेम्सकडे उतरतो आणि न्यूब्रिजचा जुना दगडी पूल येतो. तिथे नदीवर बहुतेक धुकं असतं. पुलाआधी मी तिसऱ्या गिअरला येते, काच दोन बोटं खाली करते, आणि कठड्याच्या दगडांवरून सायलेन्सरचा आवाज परत ऐकू येतो. विटनीहून तुम्हाला ॲबिंग्डनला परत यायला बस शोधावी लागेल, ती वेळ मात्र आधी बघून ठेवा.